खालून दिसणारा कप

लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकात 'क'समोर कप असतो, 'ख'समोर खुर्ची आणि 'छ'समोर छत्री. ती चित्रं कोणीतरी काढलेली असतात, हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. चित्रकाराने उभा जन्म तीच काढण्यात घालवला होता. वस्तू अशी काढायची की पोराने बघताक्षणी ओळखली पाहिजे, हा प्रकाशनाचा एकच नियम. त्यामुळे त्याचा कप नेहमी किंचित वरून दिसणारा, कान उजवीकडे. खुर्ची तिरकी, चारही पाय दाखवणारी. छत्री उघडलेली आणि सरळ उभी. त्याचा हात इतका बसला होता की फोनवर बोलता बोलताही तो कप काढू शकायचा. अर्थात फोनवर तो फारसा बोलायचा नाही.

पुढे प्रकाशनाने तयार चित्रं घ्यायला सुरुवात केली. चित्रकाराला छान निरोप दिला, केक कापला, मालक दोन शब्द बोलले. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत त्याची बायको गेली.

बायको पोस्टात खिडकीवर काम करायची आणि दिवसभर लोकांशी बोलूनही तिचं बोलणं संपायचं नाही. घरी आल्यावर चपला काढता काढताच सुरू व्हायची. कोण आलं होतं, कोणाचं पार्सल फुटलं, साहेब काय म्हणाले. चित्रकार "हं" म्हणायचा. ती विचारायची, "हं म्हणजे काय? हो की नाही?" त्यावरही तो "हं" म्हणायचा आणि ती हसायची. मूलबाळ नव्हतं, पण घरात कधी शांतता अशी नव्हतीच.

आता होती. एकदा भाजीच्या दुकानात "काय देऊ?" म्हणून विचारल्यावर त्याच्या घशातून नुसती खरखर बाहेर पडली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, काल दुपारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. त्याने खाकरून बटाटे मागितले. बटाटे घरी होतेच.

बायकोची धाकटी बहीण इस्पितळात होती, मुलांच्या हाडांच्या वॉर्डची मुख्य नर्स. वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. बायको तिला धाकटी म्हणायची, म्हणून चित्रकारही धाकटीच म्हणायचा. ती एकटीच राहायची. ताई गेल्यापासून तिचं येणंजाणं कमी झालं होतं. भांडण वगैरे काही नव्हतं. समोरासमोर बसलं की मधली जागा रिकामी दिसायची, एवढंच.

एक दिवस तिचाच फोन आला.

"भावोजी, गुरुवारी दुपारी काय करता?"

"काही नाही."

"मग या इकडे. माझी पोरं कंटाळलीत. छताकडे बघून बघून छताला भोकं पडायची वेळ आलीय."

"मी काय करू त्यांचं?"

"चित्रं काढून घ्या. दुसरं काय येतं तुम्हाला?"

हे खरंच होतं, त्यामुळे तो गेला.

वॉर्डातली बहुतेक मुलं पाठीवर सरळ पडलेली होती. कोणाचा पाय प्लास्टरमध्ये, कोणाच्या पायाला दोरी लावून पलंगाच्या पायथ्याशी वजन सोडलेलं. धाकटीने सगळी तयारी करून ठेवली होती. फळीवर चिमट्याने कागद लावलेले, आणि पेन्सिली पट्टीच्या कापडाने पलंगाच्या कठड्याला बांधलेल्या. "नाहीतर खाली पडतात आणि मग मी दिवसभर वाकत बसते," ती म्हणाली. "आणि पेन नका देऊ हं. आडवं पडून पेन लिहीत नाही, शाई उलटी जाते."

चित्रकाराने औषधांच्या गाडीच्या वरच्या काचेच्या फळीवर एक पांढरा कप ठेवला आणि भिंतीला लावलेल्या मोठ्या कागदावर तो काढून दाखवला. सुरेख. कान उजवीकडे.

"हं. आता तुम्ही काढा."

कोणी हललं नाही. मग खिडकीजवळच्या पलंगावरून आवाज आला, "हा कप खोटा आहे."

नऊएक वर्षांची मुलगी होती. मांडीचं हाड मोडलेलं, ते नीट जुळलं नाही म्हणून पुन्हा उघडून बसवलेलं. प्रत्येक गोळीवर वाद घालायची, म्हणून नर्सबाईंनी तिचं नाव वकीलीण ठेवलं होतं.

"खोटा कसा?" चित्रकाराने विचारलं.

"आम्हाला असा दिसतच नाही. तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही उभे आहात."

"मग तुला कसा दिसतो?"

"सांगून कळणार नाही. झोपून बघा."

बाकीची मुलं खुदखुदली. तिच्या शेजारचा पलंग रिकामा होता, नुकतीच चादर बदललेली. चित्रकार क्षणभर घुटमळला, आणि मग आडवा झाला.

कप दिसेनासा झाला होता. म्हणजे ओळखीचा कप. तोंड नाही, आतली बाजू नाही. खाली एक खडबडीत गोल कडं, भट्टीतून तसंच आलेलं, बिनचकाकीचं. त्याच्यावर पोट फुगत गेलेलं आणि एका बाजूने कानाचा जाड तुकडा बाहेर आलेला. शिवाय गाडीची खालची बाजू, फळीचे स्क्रू आणि कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम.

"भावोजी!" दारातून धाकटी ओरडली. "बूट!"

तो धडपडत उठला. मुलं इतकी हसली की पायथ्याची वजनं हलायला लागली आणि धाकटी आणखी ओरडली.

मग त्याने तो खालचा कप काढायला घेतला, आणि जमेना. हात आपला ओळखीच्या वळणावर जायचा. खोडलं, पुन्हा काढलं. पलीकडच्या पलंगावरचा जाडजूड मुलगा, ज्याला सगळे बोका म्हणत, कितीतरी वेळ बघून म्हणाला, "हे डब्याचं झाकण आहे."

"कप आहे तो."

"झाकण आहे."

आपलं चित्र कोणी न ओळखण्याची चित्रकाराची ही पहिलीच वेळ. वकीलिणीने मात्र त्या कपाचं बूड बरोबर पकडलं होतं. रेघा वाकड्यातिकड्या होत्या, पण तिने जे दिसलं तेच काढलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात फरशीवर झोपला. कोणी बघायला नव्हतंच. खालून शेगडीचे पाय दिसले, नळाची वळलेली नळी दिसली. मग टेबलाची खालची बाजू. तिथे एक खिळा ठोकलेला होता आणि खिळ्याला रबरबँडचा झुबका लटकत होता, पिवळे, लाल, काही वाळून चिरलेले. बायको कुठूनतरी झटकन रबरबँड काढायची आणि पिशवीचं तोंड बांधून टाकायची. कुठून काढते, हे त्याने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. टेबलाच्या त्याच बाजूला बसून तो रोज जेवायचा.

फरशी गार लागायला लागली, तरी तो बराच वेळ तसाच पडून राहिला.

पुढच्या गुरुवारी तो घरातली चहाची गाळणी घेऊन गेला. सलाइनच्या स्टँडला दोरीने बांधून ती एकेका पलंगावर धरली. नियम असा केला, की नाव घ्यायचं नाही, आधी दिसेल ते काढायचं. मग बुटाचा ब्रश नेला. मग गजराचं घड्याळ, पाठीमागून. छत्री उघडून मुलांच्या डोक्यावर धरली तेव्हा आतल्या काड्या बघून सगळ्यात लहान मुलगी किंचाळली, "कोळी!" मग सगळ्यांनी कोळीच काढले, कोणी आठ पायांचे, कोणी घाईत अकरा पायांचे.

मुलं त्याला कपकाका म्हणायला लागली. धाकटी लांबून ऐकायची, औषधं द्यायच्या निमित्ताने मध्येच येऊन जायची, पण थांबायची नाही.

एका गुरुवारी त्याने इस्त्री नेली. बोक्याने तिला होडी ठरवलं. वकीलीण पेन्सिल दाताखाली धरून निरखत होती.

"ही कोण वापरतं?" तिने विचारलं.

"माझी बायको वापरायची."

"आता नाही?"

"ती वारली."

"मग आता इस्त्री कोण करतं?"

"कोणी नाही."

तिने मान कलती करून त्याच्याकडे पाहिलं. "शर्टावरून दिसतंच आहे," म्हणाली, आणि पुन्हा चित्राकडे वळली.

चित्रकाराला हसू आलं. बायकोच्या जाण्याबद्दल लोक त्याच्याशी बोलायचे ते आवाज खाली आणून, पायाकडे बघत. असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. घरी जाऊन त्याने शर्टाला इस्त्री केली. बाही थोडी करपली.

एकदा इस्त्री-बिस्त्री काही नको, आज तुम्हालाच काढतो, असं मुलांनी ठरवलं. तो पलंगांच्या मधोमध उभा राहिला. चित्रं झाल्यावर बघतो तर सगळीकडे एक मोठी हनुवटी, तिच्यावर दोन गुहा, आणि खूप लांब कुठेतरी टक्कल.

"काका, तुमच्या नाकात केस आहेत," बोका म्हणाला.

"बरं."

"खूप आहेत."

दुसऱ्या दिवशी त्याने छोटी कात्री विकत आणली.

शुक्रवार ते बुधवार आता एका कामात जायचे. पुढच्या गुरुवारी काय न्यायचं? तो घरभर हिंडायचा, वस्तू उचलायचा, उलट्या करायचा, खाली बसून बघायचा. बायको गेल्यापासून घरातली एकही वस्तू हलली नव्हती. आता त्या हलायला लागल्या. रविवारी सकाळी झाडू उलटा धरून तो खिडकीत उभा असताना समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी त्याला पाहिलं आणि चटकन आत जाऊन पडदा ओढला.

हळूहळू वस्तू संपत आल्या. वकीलिणीच्या ते बरोबर लक्षात आलं.

"मागच्या वेळी चमचा, आता पुन्हा चमचा?"

"हा मोठा आहे."

"काकूंच्या सगळ्या वस्तू संपल्या?"

"तिच्या कपाटात असतील काही."

"मग उघडा ना कपाट."

"हं."

"हं म्हणजे काय? हो की नाही?"

चित्रकाराने तिच्याकडे पाहिलं. ती प्लास्टरच्या कडेखाली फूटपट्टी घालून खाजवत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

"हो," तो म्हणाला.

ते कपाट त्याने बुधवारी दुपारी उघडलं. उघडण्याआधी थोडा वेळ हात कडीवर ठेवून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, दार उघडलं की तिचा वास येईल, पावडरचा, तेलाचा, पोस्टातल्या डिंकाचा. त्याची त्याने आत कुठेतरी तयारी केली होती. पण वास आला तो नुसता लाकडाचा. कपडे घडी घालून जागच्या जागी होते आणि ते कोणाचेही असू शकले असते. तो एकदम खाली पलंगावर बसला. ती गेली तेव्हाही त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं. तेव्हा माणसं होती, धावपळ होती.

खालच्या कप्प्यात तिची कामावर न्यायची पर्स होती, तपकिरी, पट्टा दोनदा शिवलेला. त्याने ती उचलून वर धरली आणि खालून पाहिली. बुडाला चार पितळी बटणं होती, घासून घासून पांढरी पडलेली. रोज पोस्टाच्या खिडकीखालच्या त्याच फरशीवर ठेवून. वकीलिणीला हे आवडेल, असं त्याला वाटलं. ती आधी बटणंच काढेल.

गुरुवारी तो पर्स पिशवीत घालून वॉर्डात शिरला, आणि खिडकीजवळच्या पलंगावर एक अनोळखी मुलगा झोपलेला होता. हाताला प्लास्टर, तोंड उघडं.

"ती गेली," बोका म्हणाला. "परवा. प्लास्टर काढलं. चाकाच्या खुर्चीवरून गेली, पण म्हणाली घरी चालणार आहे."

"असं," चित्रकार म्हणाला.

"सगळी चित्रं घेऊन गेली. माझीपण! मी म्हटलं ही माझी आहेत, तर म्हणते कागद तिच्या पलंगाजवळच्या कपाटावर होते म्हणजे तिचेच."

"मग तू काय म्हणालास?"

"तिच्याशी कोण बोलणार!"

चित्रकार स्टुलावर बसला. मुलगी बरी होऊन घरी गेली, यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. इथे सगळे त्यासाठीच तर पडून असतात. तरी त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं असं वाटलं, आणि का सांगायला हवं होतं हे काही त्याला सांगता आलं नसतं. त्याने पिशवीतून पर्स काढली. तेवढ्यात धाकटी औषधांचा ट्रे घेऊन आली.

"भावोजी, अहो ती मुलगी..." म्हणता म्हणता तिची नजर पर्सवर गेली. "ही ताईची."

"हं."

तिने हात पुढे केला, पण ट्रे होता हातात. मग ती वळली आणि ट्रे घेऊन तशीच मलमपट्टीच्या खोलीत गेली. दार लागलं. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

पर्स स्टँडला बांधायचं चित्रकाराच्याने झालं नाही. त्याने ती स्टुलाखाली ठेवली आणि गाडीवरचं थुंकायचं भांडं उचलून दोरीला लटकवलं. मुलांना ते फारच आवडलं.

त्यानंतरही तो गुरुवारी जात राहिला. बोका गेला, कोळी ओळखणारी लहान मुलगी गेली. नवीन आले. नव्यांना पुन्हा कपापासून सुरुवात करावी लागायची, आणि दर वेळी कोणीतरी झाकण म्हणायचंच. त्याचा हात आता सुधारला होता. पण मुलं जायची बातमी तो आता आधीच धाकटीकडून काढून घ्यायचा.

थंडी सरत आली होती. एका दुपारी तो कागद-पेन्सिलींच्या दुकानात रांगेत उभा होता, तर पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

"तुम्ही कपकाका ना? इस्पितळातले?"

वकीलिणीची आई होती ती. आणि तिच्या बाजूला शाळेच्या गणवेशात, दोन्ही पायांवर, वकीलीण. चित्रकाराला वाटलं होतं त्यापेक्षा ती उंच होती. उभी अशी त्याने तिला कधी पाहिलीच नव्हती.

"अगं, काकांना ओळखलंस ना? चित्रं शिकवायचे ते!"

मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या मागे सरकली. तिला ओळख पटली नाही हे स्पष्ट दिसत होतं. आईने ढोसलं तेव्हा ती पुटपुटली, "हॅलो."

"चित्रं काढतेस की नाही अजून?" त्याने विचारलं. आवाज नको तितका मोठा निघाला.

"नाही."

"का बरं?"

"मी आता पळते," ती म्हणाली. "शाळेच्या संघात." दुकानाबाहेर दोन मुली तिला हाका मारत होत्या. तिने आईकडे पाहिलं, आई हो म्हणेपर्यंतही थांबली नाही आणि निघाली. एक पाय किंचित ओढत होती, पण पळतच गेली.

"रागावू नका हं," आई ओशाळून म्हणाली. "तिथलं काहीच बोलत नाही ती. आम्हीही विषय काढत नाही. डॉक्टर म्हणाले, विसरू दे."

"बरोबर आहे," चित्रकार म्हणाला. "विसरलेलंच चांगलं."

आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. दुकानदाराने "तुम्हाला काय हवंय?" असं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे तो भानावर आला.

गुरुवारी वर्ग संपल्यावर त्याने धाकटीला हे सांगितलं. नर्सबाईंच्या खोलीत दोघं चहा घेत होते. तिचे पाय सुजले होते, ते तिने समोरच्या खुर्चीवर ठेवले होते.

"पळते म्हणाली?" तिचा चेहरा उजळला. "त्या पायावर? वा!"

"मला ओळखलं नाही."

"तुमचं काय घेऊन बसलात! मी तर त्यांना महिनोन्‌महिने धुतलं-पुसलं. बाजारात समोर आली तर आईच्या मागे लपतात. ज्यांना ओळख पटते ती रडतात, त्यांना इंजेक्शन आठवतं." ती हसली. कपातल्या चहाकडे बघत हसत राहिली आणि मग थांबली. "सवय होते म्हणतात. मला नाही झाली."

चित्रकाराने आपला कप खाली ठेवला.

"ती पर्स," ती जरा वेळाने म्हणाली. "त्या दिवशी मी आत निघून गेले. पोरांसमोर सिस्टरने रडायचं नसतं. नंतर बाहेर आले तर तुम्ही निघून गेला होतात."

"मला वाटलं, तुला आवडलं नाही. तिच्या वस्तू अशा घेऊन फिरतो म्हणून."

"मला वाटलं, तुम्हाला माझं तोंड बघवत नाही. ताईसारखं आहे म्हणून. म्हणून मी येत नव्हते."

"तसं काही नाही," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, हे पुरेसं नाही. "नाक तेवढं आहे तिच्यासारखं. बाकी तू वेगळीच दिसतेस."

धाकटीने नाकाला हात लावला. "रविवारी येऊ?"

"ये."

"कपाट आवरायला वगैरे नाही हं. नुसती बसायला. पण तुम्हाला बोलावं लागेल काहीतरी. ताई होती तेव्हा तिचं तीच सांभाळून घ्यायची. आपण दोघं म्हणजे..."

"बघू. प्रयत्न करतो."

रविवारी ती आली. तिने बरोबर आणलेला बिस्किटांचा पुडा उघडला, आपल्या घरचा नळ गळतो म्हणून प्लंबरला तीनदा बोलावलं त्याची हकीकत सांगितली. चित्रकाराने समोरच्या बाल्कनीतल्या बाईंची गोष्ट सांगितली, उलट्या झाडूची, आणि ती पोट धरून हसली. मग पर्स मांडीवर घेऊन बसली. उघडली नाही. पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली, आणि तशीच, बसल्या बसल्या, झोपी गेली. आठवडाभराच्या ड्यूट्या अंगावर होत्या.

चित्रकार समोर बसून राहिला. खुर्ची करकरते म्हणून हललाही नाही. घरात दुसऱ्या कोणाच्यातरी श्वासाचा आवाज येत होता. रस्त्यावरून गाड्या गेल्या, कुठेतरी दार आपटलं, उजेड भिंतीवरून सरकत गेला, आणि त्याने दिवाही लावला नाही.

ती दचकून जागी झाली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"अगंबाई! उठवायचं नाही का? माझी बस..."

तो तिला थांब्यापर्यंत सोडायला गेला. बस लांबून येताना दिसली.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"ड्यूटी आहे."

"मग त्याच्या पुढच्या?"

"बघते, भावोजी. नक्की नाही सांगत." ती बसमध्ये चढली, पण बस सुटेपर्यंत खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिली.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. थांब्यावर आणखी कोणी नव्हतं. घर जवळच्या रस्त्याने पाच मिनिटांवर होतं. तो लांबच्या रस्त्याने निघाला.